२० रुपये आले, पण कुणाचे?

सकाळच्या गर्दीत चहाच्या टपरीवर तिघं जण एकदम क्यूआर कोड स्कॅन करतात. तिघांचंही बिल २० रुपये. काउंटरवरचा साउंडबॉक्स बोलतो, "२० रुपये प्राप्त झाले." एकदाच. मग तिघं एकमेकांकडे बघतात आणि टपरीवाला तिघांकडे बघतो. पैसे आलेत यात शंका नाही, पण कुणाचे आले ते त्या आवाजावरून कळायला मार्ग नाही. शेवटी प्रत्येक जण आपला मोबाइल पुढे करतो आणि टपरीवाला स्क्रीनवरचं नाव आणि वेळ बघून ठरवतो की पैसे द्यायचे कुणाचे राहिलेत.

मोठमोठ्या संगणक प्रणालींपुढे दिवसभर हाच प्रश्न असतो. चालू असलेली कामं हजारो, मेसेज यायचं दार एकच, आणि आलेला मेसेज त्यातल्या नेमक्या कोणत्या कामाचा हे ठरवायचं. याला कोरिलेशन म्हणतात. वेगवेगळ्या सेवा एकत्र बांधून लांबलचक प्रक्रिया चालवणाऱ्या ज्या भाषा आहेत, त्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच. एरवी या भाषांबद्दल बोलताना चौकोन आणि बाण दाखवले जातात. आधी हे करा, मग ते करा, अमुक झालं तर तिकडे वळा. तो भाग कुणालाही तासाभरात समजतो. प्रक्रिया प्रत्यक्षात कोलमडते ती बहुतेक वेळा मेसेज चुकीच्या दारात गेल्यामुळे.

आधी हा प्रश्न पडतोच का, ते बघू. ब्राउझरमध्ये आपण पान मागतो आणि त्याच जोडणीवरून ते परत येतं. फोनवर बोलण्यासारखंच हे. समोरच्याचं उत्तर कोणत्या प्रश्नाचं, हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण लाइन दोघांचीच असते. पण काम चार-पाच दिवस चालणारं असेल तर लाइन धरून बसता येत नाही.

रुग्णालयातला कॅशलेस क्लेम घ्या. रुग्ण दाखल होतो, तेव्हा रुग्णालयाचा विमा डेस्क प्री-ऑथची, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीची, विनंती पाठवतो. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, शंका येते, जुन्या आजाराचे कागद पाठवा म्हणून. कागद जातात, सुरुवातीची रक्कम मंजूर होते. उपचार लांबले की वाढीव रकमेची विनंती जाते. डिस्चार्जच्या दिवशी फायनल बिल, आणि मग नातेवाइकांनी ताटकळत वाट पाहिलेली अंतिम मंजुरी. विमा कंपनीच्या बाजूला हा सगळा क्रम एका प्रक्रियेत एकदाच लिहिलेला असतो. रुग्ण मात्र शेकडो. प्रत्येक रुग्णासाठी त्या प्रक्रियेची एक स्वतंत्र प्रत चालू असते. तिला इन्स्टन्स म्हणतात. कुणाची प्रत कागदांची वाट बघत थांबलेली असते, कुणाची फायनल बिलाची.

या प्रती मेमरीत जाग्या बसलेल्या नसतात. काही करण्यासारखं नसलं की इंजिन, म्हणजे या प्रक्रिया चालवणारं सॉफ्टवेअर, त्यांची अवस्था डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं आणि मोकळं होतं. बीपेल ही अशा प्रक्रिया लिहायची एक भाषा; ओरॅकल कंपनीच्या बीपेल इंजिनात याला डीहायड्रेशन, म्हणजे पाणी काढून वाळवणं, म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. उन्हाळ्यात घातलेल्या वाळवणासारखी ती प्रत कोरडी होऊन डब्यात जाते आणि तिचा मेसेज आला की पुन्हा फुलते. मधल्या काळात सर्व्हर दोनदा बंद होऊन चालू झाला तरी तिचं काही बिघडत नाही. पण मेसेज आला की डबा कोणता उघडायचा?

एक सरळ उपाय आपल्या ओळखीचा आहे. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणारं टोकन. पाठवणाऱ्याने प्रत्येक मेसेजला एकमेव क्रमांक द्यायचा आणि उत्तर देणाऱ्याने तोच क्रमांक परत करायचा. ईमेल पूर्वीपासून हेच करत आलंय. प्रत्येक मेलला एक अदृश्य ओळख क्रमांक असतो आणि उत्तरात तो "यास उत्तर म्हणून" अशा रकान्यात नोंदलेला असतो. वेब सेवांसाठी डब्ल्यूएस-ॲड्रेसिंग या मानकाने तीच सोय केली, आणि २००६ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते अधिकृत केलं. यूपीआयच्या पावतीवर दिसणारा १२ अंकी क्रमांकही याच जातीचा. व्यवहार अडकला तर बँक आपल्याला रक्कम आणि वेळ विचारून थांबत नाही, तो क्रमांक मागते. तारीख, रक्कम, दुकान, सगळं सारखं असलेले दोन व्यवहार असू शकतात. तो क्रमांक त्यांना वेगळं करतो.

टोकन चांगलंच आहे, पण त्याला एक अट आहे. समोरच्याने ते जपून परत करायला हवं. जुन्या प्रणालींना असलं काही परत करायची सवय नसते. शिवाय क्लेमच्या कामात मेसेज पाठवणारे सगळे आपल्याशी आधी बोललेले नसतात. चौकशीसाठी नेमलेल्या डॉक्टरचा अहवाल येतो, बँकेकडून पैसे जमा झाल्याची खबर येते. या मंडळींनी आपलं टोकन कधी पाहिलेलंच नाही. त्यांना ठाऊक असतो तो क्लेम नंबर.

बीपेल ही भाषा घडवणाऱ्यांनी नेमकं हे ओळखलं. मायक्रोसॉफ्टची एक्सलँग आणि आयबीएमची डब्ल्यूएसएफएल या २००१ सालच्या दोन भाषा एकत्र करून २००२ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए या कंपन्यांनी बीपेलची पहिली आवृत्ती काढली. पुढच्या वर्षी सॅप आणि सीबेल सामील झाल्या, काम ओॲसिस या मानक संस्थेकडे गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये दुसरी आवृत्ती अधिकृत मानक झाली. या भाषेने ठरवलं की मेसेजची ओळख त्याच्या मजकुरातूनच पटवायची. म्हणजे टोकन न दाखवता "माझी कोल्हापुरी, डाव्या पायाचा अंगठा उसवलेली" असं सांगून चप्पल मागायची.

यासाठी बीपेलमध्ये तीन थर आहेत. पहिला म्हणजे गुणधर्म, त्यांच्या शब्दात प्रॉपर्टी. "क्लेम नंबर" ही निव्वळ एक कल्पना, तिला नाव द्यायचं. दुसरा थर सांगतो की ही कल्पना प्रत्येक प्रकारच्या मेसेजमध्ये नेमकी कुठे सापडेल. कागदपत्रांच्या मेसेजमध्ये ती सगळ्यात वर असेल, फायनल बिलात तळाच्या कोपऱ्यात, बँकेच्या मेसेजमध्ये "संदर्भ" नावाच्या रकान्यात. याला प्रॉपर्टी एलियस म्हणतात, म्हणजे टोपणनाव. तिसरा थर म्हणजे कोरिलेशन सेट. एक किंवा अनेक गुणधर्म मिळून ओळख पूर्ण कशी होते, हे तो ठरवतो.

मला यातला दुसरा थर फार आवडतो. प्रक्रिया लिहिणारा फक्त "क्लेम नंबर" असं म्हणतो. बँकेने उद्या आपल्या मेसेजचा साचा बदलला तर टोपणनावाची एक ओळ बदलायची, प्रक्रियेला हात लावायचा नाही. कुणाला काय म्हणतात आणि ते कुठे लिहिलेलं असतं, या दोन गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या केलेल्या मी फार कमी ठिकाणी पाहिल्या आहेत.

हा सेट सुरुवातीला रिकामा असतो. ज्या मेसेजवर 'इनिशिएट'ची खूण "यस" असते तो त्यात किंमत भरतो. एकदा भरली की त्या प्रतीच्या आयुष्यात ती बदलत नाही. म्हणून त्याला चल राशी म्हणण्यापेक्षा उशिरा ठरणारी अचल राशी म्हणणं योग्य, आणि मानकातही त्याचं वर्णन याच अर्थाने केलंय. पुढच्या मेसेजांवर खूण "नो" असते. त्यांनी फक्त भरलेल्या किमतीशी जुळायचं. भरलेला सेट पुन्हा भरायला कुणी गेलं, किंवा न भरलेला वापरायला गेलं, तर इंजिन 'कोरिलेशन व्हायोलेशन'चा दोष उठवतं आणि काम थांबवतं.

मग अगदी पहिला मेसेज? प्री-ऑथची विनंती येते तेव्हा तिच्यासाठी थांबलेली प्रत अजून जन्मलेलीच नसते. म्हणून प्रक्रियेत त्या पहिल्या मेसेजच्या स्वागताच्या जागी "नवी प्रत तयार कर" अशी खूण असते. मेसेज येतो, प्रत जन्मते, आणि तोच मेसेज तिचा पहिला सेट भरतो.

आता खरी गंमत. विनंती येते तेव्हा क्लेम नंबर अस्तित्वातच नसतो, तो विमा कंपनीत मागाहून तयार होतो. रुग्णालय रुग्णाला आपल्या आयपी नंबराने, म्हणजे दाखल रुग्णाच्या (इन-पेशंट) नोंदणी क्रमांकाने, ओळखतं. म्हणजे एकाच प्रतीला दोन नावं आहेत. गावाकडे माणूस "पाटलांच्या वाड्यातला धाकटा" असतो आणि ऑफिसात तोच एम्प्लॉयी नंबर ४१७ असतो, तसंच. बीपेलमध्ये एका प्रतीला असे अनेक सेट ठेवता येतात. विमा कंपनीचं पहिलं उत्तर आयपी नंबर आणि क्लेम नंबर दोन्ही घेऊन बाहेर पडतं. ते जुन्या सेटशी जुळतं आणि जाता जाता नवा सेट भरतं. बाहेर जाणारा मेसेजही सेट भरू शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इथून पुढे बँक क्लेम नंबर सांगो की रुग्णालय आयपी नंबर सांगो, दोघेही एकाच प्रतीपाशी पोहोचतात. मानकातल्या मूळ उदाहरणात हीच साखळी आहे. तिथे ग्राहक क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक ही पहिली ओळख, आणि पुढे विक्रेता क्रमांक आणि इन्व्हॉइस क्रमांक ही दुसरी.

दोन नावं जोडणारा तो एक मेसेज हरवला, किंवा त्यात एक रकाना रिकामा राहिला, की मागची आणि पुढची दोन्ही टोकं शाबूत असूनही प्रत सापडत नाही. जोडणीची तपासणी करताना सगळ्यात आधी तो मेसेज बघावा.

कधी कधी दोन मेसेजपैकी आधी कोणता येईल हेच ठाऊक नसतं. मानकात यासाठी लिलावाचं उदाहरण आहे. विक्रेता आणि खरेदीदार दोघेही आपापली माहिती लिलाव क्रमांकासह पाठवणार, क्रम कोणताही. म्हणून २००७च्या आवृत्तीत "जॉइन" ही तिसरी खूण आली. सेट रिकामा असेल तर भर, भरलेला असेल तर जुळतोय का ते बघ. पहिला येईल त्याने प्रत जन्माला घालायची, दुसऱ्याने तिच्यात सामील व्हायचं.

ओळखीसाठी कोणते गुणधर्म निवडायचे, हे भाषा सांगत नाही. ते माणसाने ठरवायचं, आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. निव्वळ पॉलिसी नंबर घेतला तर फॅमिली फ्लोटरमध्ये घरचे सगळे एकाच नंबराखाली येतात. म्हणून कुणी म्हणेल, पॉलिसी नंबर आणि दाखल झाल्याची तारीख घ्या. मग डेंग्यूच्या दिवसांत नवरा-बायको एकाच दिवशी एकाच रुग्णालयात दाखल होतात. पॉलिसी तीच, तारीख तीच, आणि नवऱ्याच्या प्लेटलेट्सचा अहवाल बायकोच्या क्लेममध्ये जाऊन बसतो. सदस्य क्रमांक जोडला की हे सुटतं. मोबाइल नंबर ओळख म्हणून घेणं तर आपल्याकडे सर्रास चालतं, पण एका मोबाइलवर आईवडिलांसकट अख्खं घर नोंदवलेलं असतं. नंबर बदलतात, आणि बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. हा निर्णय प्रोग्रामरवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. क्लेम डेस्कवर रोज बसणाऱ्या माणसाला असे सगळे प्रसंग तोंडपाठ असतात, त्याला आधी विचारावं.

जुळणीत संदिग्धता आली तर काय करायचं, याचे काही नियम भाषेने आखून दिलेत. एकाच प्रतीत एकाच सेटने एकाच प्रकारच्या मेसेजची वाट दोन ठिकाणी एकदम बघितली जात असेल तर तो 'कॉन्फ्लिक्टिंग रिसीव्ह'चा दोष. सेट वेगवेगळे आहेत, पण आलेला मेसेज दोन्हींशी जुळतो, असं झालं तर 'अँबिग्युअस रिसीव्ह'. पण मानक इंग्रजी गद्यात लिहिलेलं, आणि गद्यात फटी राहतातच. इटलीत फ्लोरेन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी बीपेलचं गणिती रूप मांडताना दाखवलं, की एकच प्रक्रिया वेगवेगळ्या इंजिनांवर वेगवेगळी वागते.

त्याच गटाने २००७ मध्ये कॉज नावाची एक छोटी सैद्धांतिक भाषा मांडली. तिच्यातली एक कल्पना समजून घेण्यासारखी आहे. मेसेजची वाट बघणारी प्रत्येक जागा म्हणजे एक छापील फॉर्म समजा. "नवी प्रत तयार कर" ही जागा म्हणजे कोरा फॉर्म. त्यावर कोणताही मेसेज बसतो. आधीच चालू असलेल्या प्रतीचा फॉर्म मात्र अर्धा भरलेला असतो, क्लेम नंबरच्या रकान्यात आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे त्यावर तोच आकडा घेऊन आलेला मेसेज बसतो. आता एखादा मेसेज कोऱ्या फॉर्मवरही बसतो आणि अर्ध्या भरलेल्या फॉर्मवरही बसतो. कुणाला द्यायचा? कॉज म्हणते, ज्या फॉर्ममध्ये भरायचे रकाने कमी उरलेत त्याला. म्हणजे चालू प्रतीचा हक्क आधी, तिच्यात बसत नसेल तरच नवी. एवढ्या एका नियमाने चालू प्रत असताना विनाकारण दुसरी जन्मायची अडचण मिटते.

याच सुमारास इटलीतल्याच बोलोन्यात क्लाउडिओ ग्विदी आणि फाब्रित्सिओ मोंतेसी यांनी जोली ही भाषा सुरू केली. तिच्यातही कोरिलेशन सेट आहेत, पण जोडीला कधीही पुन्हा न येणारी किंमत निर्माण करणारा एक शब्द आहे. मजकुरात नैसर्गिक ओळख नसेल तर स्वतःच एक टोकन घडवायचं आणि ते मजकुराचाच भाग करून पाठवायचं. मागच्या दोन्ही उपायांची ही सांगड आहे.

आजच्या साधनांनी यातला आपापला वाटा उचललाय. प्रक्रिया चित्रांतून मांडायच्या बीपीएमएन या पद्धतीच्या २०११ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत 'कोरिलेशन की', म्हणजे ओळखीची किल्ली, आहे. टेम्पोरल या लांबलचक कामं चालवणाऱ्या साधनात प्रत्येक कामाला आपण दिलेला वर्कफ्लो आयडी असतो, आणि प्रत नसेल तर सुरू करून तिला निरोप द्यायचा, अशी एकच एकत्रित क्रिया आहे. ॲमेझॉनच्या स्टेप फंक्शन्स या तशाच सेवेत थांबलेलं काम बाहेरच्याला एक टास्क टोकन देतं, आणि ते परत आलं की पुढे सरकतं. इथे आपण पुन्हा देवळाबाहेरच्या टोकनापाशी आलो.

आता वेळेचा प्रश्न. रुग्णालयाने कागद फार झटपट पाठवले, आणि विमा कंपनीची प्रत अजून "कागदांची वाट बघ" या पायरीवर पोहोचलीच नाही. मेसेज बरोबर, नंबर बरोबर, पण घ्यायला दारात कुणी नाही. बीपेलच्या मानकाने अशा शर्यती होणार हे मान्य केलं, पण उपाय इंजिनावर सोपवला. कामुंडा कंपनीच्या इंजिनाच्या सातव्या आवृत्तीत वाट बघणारं कुणी सापडलं नाही तर पाठवणाऱ्याला चूक परत मिळते, आणि पुन्हा पाठवायची जबाबदारी त्याची. एकापेक्षा जास्त सापडले तरी तसंच. त्याच कंपनीच्या नव्या झीबी इंजिनात मेसेजला आयुष्य देता येतं. दहा मिनिटं म्हटलं तर दहा मिनिटं तो दाराशी थांबतो आणि प्रत त्या पायरीवर आली की आत जातो. आयुष्य शून्य दिलं तर थांबायची सोय नाही. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण कुणी किती वेळ थांबायचं हे निदान कुठेतरी लिहिलेलं राहतं.

मजकुरावरून ओळख पटवण्याला एक धोका चिकटलेला आहे. ओळखीचा आकडा दुसऱ्याला अंदाजाने काढता येतो. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये प्रश्न आणि उत्तर यांची गाठ १६ बिटांच्या क्रमांकाने घातली जाते, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं, की खोट्या उत्तरांचा मारा करत राहिलं तर खऱ्या उत्तराच्या आधी योग्य क्रमांक लागू शकतो, आणि मग आख्ख्या वेबसाइटचा पत्ता बदलता येतो. त्यावर तातडीने केलेला उपाय म्हणजे प्रत्येक प्रश्न संगणकाच्या ज्या पोर्टमधून, म्हणजे क्रमांक असलेल्या दारातून, निघतो तेही यादृच्छिक ठेवायचं, म्हणजे अंदाज करायला दोन आकडे लागतात. क्लेम नंबर तर बहुधा ओळीने वाढत जातात. मेसेज कोणत्या प्रतीकडे न्यायचा एवढ्यासाठीच तो वापरावा. तो खरंच रुग्णालयाने पाठवलाय का, याची शहानिशा डिजिटल सही किंवा तत्सम मार्गाने स्वतंत्र करावी लागते.

राहिले दोनदा येणारे आणि उशिरा येणारे मेसेज. नेटवर्क अडखळलं की पाठवणारी प्रणाली तीच विनंती पुन्हा पाठवते. पहिली पोहोचलेली असेल तर एकाच रुग्णाच्या दोन प्रती जन्मतात आणि दोन क्लेम नंबर तयार होतात. त्यामुळे प्रत जन्माला घालणाऱ्या मेसेजात पाठवणाऱ्याचा स्वतःचा विनंती क्रमांक असावा आणि तो आधी आलाय का हे प्रत तयार होण्यापूर्वी तपासावं. उशिरा येणारे त्याहून अवघड. क्लेम बंद झाला, प्रत संपली, आणि महिन्याभराने रुग्णालयाकडून सुधारित बिल आलं. इंजिनाच्या लेखी त्या नंबरचं आता कुणीच नाही, त्यामुळे मेसेज टाकून दिला जातो, किंवा वाईट रचना असेल तर त्याच्यातून नवाच क्लेम उभा राहतो. बंद झालेल्या क्लेम नंबरांची यादी प्रक्रियेच्या दारातच ठेवायची, त्यात नंबर सापडला तर मेसेज इंजिनाकडे जाऊच द्यायचा नाही. तो मूळ क्लेमच्या कागदांसकट डेस्कवरच्या माणसापुढे ठेवायचा.